चपटी बी

मथुराबाई पाण्याला भ्यायच्या. विहिरीला नाही, पुरालाही नाही. गडूतल्या, पेल्यातल्या, कोणाच्या तरी ओठांशी जाणाऱ्या पाण्याला. पाहुण्याला पाणी दिलं की त्याचा शेवटचा घोट उतरेपर्यंत त्या त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारीला पेला परत मिळायची घाई झालेली दिसते.

मी लग्न होऊन राळेगावाकडच्या या गावात आले, तेव्हा उंबरठ्याच्या आत पहिलं पाणी त्यांनीच आणून दिलं. आमचे हे पोस्टात. घर मारुतीच्या देवळाला लागून, आणि देवळाच्या मागच्या खोलीत मथुराबाई एकट्या. देवळाची झाडलोट करायची, समईत तेल घालायचं आणि ओट्यावरचे दोन मोठे रांजण भरून ठेवायचे, एवढं त्यांचं काम. ते कोणी नेमून दिलेलं नव्हतं. नवरा गेल्यावर त्या तिथे येऊन बसल्या, आणि गावानं त्यांना बसू दिलं.

भीतीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, अधिक महिन्यात आम्ही दोघी वाती वळत होतो तेव्हा. त्यांची पहिली मुलगी दोन वर्षांची असताना उन्हाळ्यात गेली. नाल्यात खड्डा करून झिऱ्याचं पाणी काढायचे, ते गढूळच असायचं. मुलीला हगवण लागली आणि ती कोमेजून गेली.

"माह्याच हातानं पाजलं वो पद्माबाई," त्या म्हणाल्या. "लेकरू म्हणे, माय पाणी. मी म्हणलं, घे."

मग हातातली वात पुन्हा उलगडून त्या नव्यानं वळायला लागल्या. मी देवाचं नाव घेतलं.

मुलगी गेल्यावर त्यांच्या सासूनं त्यांना निवळी दिली. निवळी म्हणजे जंगलातल्या एका झाडाची बी, टपोऱ्या वाटाण्याएवढी, गोलसर, दगडासारखी कठीण. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून ती चंदनासारखी उगाळायची, उतरलेलं गंध रांजणातल्या गढूळ पाण्यात सोडायचं. लाकडी दांड्यानं आधी भरभर ढवळायचं, मग अगदी संथ, देवाला प्रदक्षिणा घालावी तसं. संथ ढवळताना पाण्यात बारीक बारीक फुलं धरायला लागतात. मातीचीच फुलं. ती एकमेकांना चिकटून मोठी होतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी काचेसारखं.

मथुराबाई म्हणायच्या, "पाणी फुटलं." बोंड फुटतं, कापूस फुटतो, तसं. आणि खरंच, ती फुलं पाहिली की मळक्या कापसाची आठवण व्हायची.

दांडा जोरात फिरवलेला त्यांना खपायचा नाही. "अवो, ताक करून राह्यल्या काय? फुलं मोडतात न." वरून ग्रामपंचायतीनं दिलेल्या बाटलीतले क्लोरीनचे थेंब टाकायचे, झाकण घालायचं, आणि पहिला गडू मारुतीपुढे ठेवायचा. मग तहानलेल्यांना. आम्ही बायकांनी मध्ये कधी ते पाणी चाखून बघितलं नाही. देवाच्या आणि वाटसराच्या आधी पाण्याला तोंड लावलं तर सगळा रांजण उष्टा होतो. आमच्या देवळाचा हा नियम माझ्या सासूबाईंच्याही आधीपासूनचा.

ते वर्ष कापसाच्या गाड्यांचं होतं. भाव पडलेले, खरेदी केंद्रावर माप अडलेलं, आणि कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापासून निघालेली बैलगाड्यांची रांग देवळावरून थेट तलावापर्यंत गेलेली. माणसं गाडीखालीच निजायची, गाडीखालीच भाकर खायची. हापशी फुसफुस करून बंद पडली. राहिला तलाव. पण त्यात रांगेतले सगळे बैल उतरायचे. काळ्या मातीचं ते पाणी इतकं घुसळलं गेलं की घागर रात्रभर ठेवली तरी सकाळी तसंच राखाडी. ती माती बसतच नाही. आम्ही भजनातल्या बायकांनी देवळापाशी पाणपोई घातली, पण पाणपोई चालायची ती मथुराबाईंच्या सहाणेवर.

निवळी त्यांना हिरासिंग आणून द्यायचा. पलीकडच्या तांड्यावरचा बंजारा, जडीबुटी गोळा करून वैद्यांना विकायचा. मथुराबाईंना तो "याडी" म्हणायचा, म्हणजे आई. येताना ओच्यात घालण्यापुरती निवळी आणि तोंडात भरपूर थट्टा.

संक्रांतीच्या आधीची ती सकाळ. शेजारच्या गावात कावीळ पसरल्याची बातमी आदल्या संध्याकाळी आली होती. मी पूजा आटोपून देवळात गेले, तर मथुराबाई उगाळत बसलेल्या. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. सहाणेवर गंधाचा थर साचला होता.

"आज लग्नाची हळद आहे काय मथुराबाई?"

"काविळीचं ऐकलं न तुम्ही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आज तिप्पट देतो. एक कण राह्यला नाही पाह्यजे."

गंध पाण्यात गेलं. त्यांनी भरभर ढवळलं, मग संथ ढवळलं. आम्ही वाट बघितली. फुलं धरली नाहीत. पाणी दुधाळ झालं आणि दुधाळच राहिलं. मथुराबाईंनी आणखी उगाळून घातलं. उलट जास्तच धुरकट. बाहेर गाडीवाल्यांची भांडी वाजायला लागली होती.

"ओ मायबाई, पाणी देता का तलावात तोंड घालू बैलासंगं?"

भजनातल्या बायकांनी मारुतीपुढे गडू ठेवला आणि वाटायला सुरुवात केली. गढूळ तर गढूळ, थेंब टाकलेले आहेत, असं म्हणून. मथुराबाई मात्र रांजणात बघत तशाच उभ्या. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि उरलेल्या बिया तळहातावर घेतल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्यांचं सगळं बघणं बोटांचं. एकेक बी त्या अंगठ्यानं फिरवून बघत होत्या. एका बीवर अंगठा थांबला.

"पद्माबाई, हे पाहा बरं. चपटी आहे न?"

मी बघितली. चपटी होती.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला आधी वाटलं, भोवळ आली. "कुचला," त्या म्हणाल्या.

कुचला म्हणजे काय ते आमच्या गावात सांगायला लागत नाही. निवळीच्याच जातीचं झाड, बी कोटाच्या बटणासारखी चपटी, आणि जहर. मागे एकदा मोकाट कुत्र्यांना कोणीतरी तो घातला होता. ती कुत्री पाय ताठ करून, अंगाची कमान करून मेली होती. हिरासिंग दोन्ही विकतो हे आम्हाला माहीत होतं.

"म्हणून पाणी फुटलं नाही," मथुराबाई म्हणाल्या. "निवळी राह्यली असती तं फुटलं असतं. मी यायले जहर उगाळून पाजलं."

मी धावत जाऊन वाटप थांबवलं. कोणाच्या हातातला पेला काढून घेतला, कोणाच्या बाटलीवर हात ठेवला. पण तोवर निम्मी रांग पिऊन गेली होती. मारुतीरायाकडे बघितलं, तर त्याच्यापुढेही तोच गडू.

ह्यांना पोस्टातून बोलावलं. हे लुना काढून निघाले. आधी आरोग्य उपकेंद्रात गेले, तर नर्सबाई पोलिओच्या डोसासाठी दुसऱ्या गावी. मग तांड्याकडे, हिरासिंगला आणायला. जाताना फाटकावरच्या टेंपोवाल्याला सांगून गेले, गाडी हलवू नको, कोणाला राळेगावच्या दवाखान्यात न्यावं लागेल.

माझी लेक गौरी सुट्टीला घरी आली होती. यवतमाळला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. ती धावत आली, रांजणात बघितलं, मथुराबाईंना विचारलं, "आजी, किती घातलं?"

"तिप्पट. मंग आणखीन."

गौरीनं काचेच्या पेल्यात रांजणातलं पाणी घेतलं, त्यात तलावाचं कच्चं गढूळ पाणी ओतलं आणि चमच्यानं हळूहळू ढवळायला लागली. मला राग आला. लोक मरायला टेकलेत आणि ही सरबत करते आहे. पण बघता बघता पेल्यात फुलं धरली. मोठी झाली, डोलत डोलत तळाशी गेली. वर स्वच्छ पाणी.

"गंध जास्त झालं म्हणून बसत नव्हतं," गौरी म्हणाली. "आई, मातीचे कण एकमेकांना लांब ढकलत असतात, म्हणून ते तरंगतात. या बीमध्ये लांबच लांब साखळीसारखा पदार्थ असतो. त्याला पॉलिमर म्हणतात. साखळीचं एक टोक एका कणाला धरतं, दुसरं टोक दुसऱ्याला, असं करत त्यांची मोळी बांधली जाते आणि ती जड होऊन बुडते. पण साखळ्या फार झाल्या तर प्रत्येक कण आपापल्या साखळीत गुंडाळून बसतो. दुसऱ्याला धरायला कोणाचा हातच मोकळा राहत नाही. कच्चं पाणी घातल्यावर नवे कण मिळाले, साखळ्या वाटल्या गेल्या."

फुगडीला उभं राहावं आणि प्रत्येकीच्या दोन्ही हातांत पिशव्या असाव्यात, तसं काहीतरी मला कळलं.

"म्हणजे निवळीच आहे न?" मी विचारलं. "कुचला नाही न?"

गौरीनं पेला खाली ठेवला. "ते यावरून नाही सांगता येणार आई. जास्त झालं एवढंच कळतं. तोही याच झाडाचा भाऊ. त्यानंही पाणी बसत असेल, मला माहीत नाही."

एखादीनं खोटं सांगितलं असतं. त्या क्षणी मला वाटलं, हिनंही सांगावं.

"कुचला कडू राह्यते," मथुराबाई एकदम म्हणाल्या. आणि आम्ही हात पुढे करायच्या आत त्यांनी मारुतीपुढचा गडू उचलून तोंडाला लावला. घटाघटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत.

"आजी!" गौरी किंचाळली.

मथुराबाईंनी गडू खाली ठेवला. जीभ टाळ्याला लावून बघितली. मग त्यांचं तोंड रडवेलं झालं. "काही समजून नाही राह्यलं व पोरी. जल्मभर तंबाखू खाल्ला. मले तं सगळंच कडू लागते."

मग मीच रांगेत गेले. ज्या गाडीपाशी जाईन तिथे विचारायचं, दादा, सकाळचं पाणी कडू लागलं का? पहिला म्हातारा हसला. "अवो बाई, या सालात कोणती गोष्ट गोड लागून राह्यली?" दुसरा म्हणाला, मचूळ होतं. तिसऱ्यानं विचार केला आणि म्हणाला, "हाव, थोडंसं कडू होतं खरं." त्याच्या शेजारच्यालाही मग ते आठवलं. मी चार गाड्या पुढे जाईपर्यंत माझा प्रश्न माझ्याही पुढे पोचला होता. कोणी म्हणे तोंड कोरडं पडलं, कोणी म्हणे मान अवघडली. बायका असत्या तर रडल्या असत्या. हे गडी नुसते आपापल्या गाडीच्या चाकाला धरून बसले.

आणि तेवढ्यात तलावाच्या बाजूनं आरोळी आली. "आखडला! श्रावण आखडला!"

श्रावण म्हणजे पिंपळाखाली गाडी सोडलेला एक धिप्पाड शेतकरी. आम्ही पोचलो तेव्हा तो गाडीखाली उताणा पडला होता, एक पाय लाकडासारखा ताठ, दात आवळलेले, डोळे घट्ट मिटलेले. माझ्या डोळ्यांपुढे ती कुत्री आली. मथुराबाई माझ्या मागून आल्या होत्या, कशा आल्या देव जाणे. त्याच्या पायावर त्यांनी हात ठेवला, तो दगडी पोटरीचा गोळा त्यांच्या बोटांना लागला आणि त्या तिथेच मातीत बसल्या.

"लागला," त्या म्हणाल्या. "लागला माय, लागला."

मी टेंपोवाल्याला हाक मारली. दोघांनी श्रावणला उचलायला काखेत हात घातले, तसा तो ओरडला.

"अबे सोडा न बे! वांब आला! अंगठा ओढा, अंगठा!"

कोणीतरी पायाचा अंगठा धरून वर ओढला. पेटका सुटून पोटरी हळूहळू सैल झाली. श्रावण घाम पुसत उठून बसला आणि भोवतीची गर्दी बघून दचकला.

"काय झालं बाप्पा? काहून जमले सगळे?"

"दादा, सकाळी पाणी प्यायलात न देवळातलं?"

"पाणी? मी कायले पितो पाणी! तलावात बैल मुततात ते पाह्यलं न मी. दोन दिवस झाले, नुसता चहावर आहो."

एक जण फिसकन हसला. मग दुसरा. "म्हणूनच वांब आला लेका!" मला हसू आलं नाही. मथुराबाईंनाही नाही. त्या श्रावणच्या पायावरचा हात काढायला तयार नव्हत्या.

हिरासिंग आला तो ह्यांच्या लुनावर मागे, धापा टाकत, जणू लुना त्यानंच ढकलत आणली होती. मथुराबाईंनी मूठ उघडली. ती चपटी बी त्यांनी इतका वेळ आवळून धरली होती. तळव्यावर तिचा वळ उठला होता. हिरासिंगनं ती उचलली, उन्हात धरली, उलटी केली.

"याडी," तो म्हणाला, "हे तुह्यीच निवळी आहे. पाह्य, एकाच बाजूनं चपटी. दुसरीकडून गोलच आहे न. कुचला दोन्हीकडून चपटा राह्यते, मंधात खड्डा राह्यते, अन् वर रेशमासारखी लव. हे तं तुनंच घासून घासून सपाट केली. मागच्या साली अर्धी उगाळली अन् कंजूसपणानं पिशवीत टाकून देली!"

ते खरंच होतं. मथुराबाई उगाळून उरलेली बी कधी टाकायच्या नाहीत.

गाडीवाल्यांनी सुस्कारा सोडला. पण मथुराबाईंनी त्याच्याकडे मान वळवली. "अन् सकाळी ज्या उगाळल्या त्या?"

"त्याही निवळीच, मंग."

"मले निवळी देली त्या रोजी तुह्या झोळीत कुचला नव्हता?"

हिरासिंगचं हसू गेलं. तो खाली बसला, झोळी उपडी केली. मुळ्या, साली, हिरड्याच्या पुड्या. एका फडक्यात कुचला बांधलेला होता. फडक्याची गाठ घट्ट होती, पण एका कोपऱ्याला बोट जाईल एवढं भोक होतं. त्यानं ते आमच्यापासून लपवलं नाही.

"होता," तो म्हणाला. "निवळी अलग बांधली होती, याडी. पण होता."

सकाळी उगाळलेल्या बिया तर पाण्यात गेल्या होत्या. त्यांना आता कोण ओळखणार? राहिलं फक्त वाट बघणं. ज्यांनी पाणी प्यायलं त्यांना आम्ही देवळाच्या पटांगणात बसवलं. टेंपो उभाच. मी नामस्मरण करत होते, पण मणी ओढताना मधेच माझी नजर कोणाच्या तरी मानेकडे, कोणाच्या तरी बोटांकडे जायची. कोणी आळस दिला तरी धस्स व्हायचं. मथुराबाई खांबाला टेकून, हात मांडीवर पालथे ठेवून बसल्या होत्या. त्यांनीही तेच पाणी प्यायलं होतं, गडूभर, हे आम्ही सगळे विसरलो होतो. त्या स्वतःकडे बघतच नव्हत्या. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, पाहुण्याकडे बघायच्या तशाच.

"आजी, भूक लागली. भाकर खाऊ का?" एकानं विचारलं.

"खा बाबा."

तो खायला लागला. दुसऱ्यानं कांदा फोडला. सूर्य जिनिंगच्या पत्र्यामागे गेला तेव्हा पटांगणात पत्ते रंगले होते आणि रांगेतला तो पहिला म्हातारा सगळ्यांना फसवत होता. कोणालाही काही झालं नव्हतं. मी समई लावली.

मथुराबाई रात्री जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "पद्माबाई, आता हे काम माह्याकडून होत नाही. उद्यापासून तुम्ही कोणी करा."

सकाळी मी देवळात गेले तेव्हा गौरी तिथे आधीच पोचली होती. दोघी सहाणेपाशी. मथुराबाई उगाळत नव्हत्या, बी हातात घेऊन बसल्या होत्या. गौरीनं बी बोटांनी फिरवून दोन्ही बाजू बघितल्या आणि परत दिली. त्यांनी पुन्हा आपल्या बोटांनी बघितली. मग चार वेढे उगाळली. चारच. गंध पाण्यात सोडलं, भरभर ढवळलं, मग संथ. फुलं धरली.

बाहेर भांडी वाजत होती. श्रावण सगळ्यांच्या पुढे, हातात डबा. भजनातल्या एकीनं देवासाठी गडू भरला आणि ती मारुतीकडे वळली. मथुराबाईंनी तिचा हात धरला.

"आण इकडं."

"अवो, देवाचं आहे ते! उष्टं होईन न!"

"होऊ दे." त्यांनी तंबाखूची चंची कमरेतून काढून ओट्यावर ठेवली. मला दिसलं, तिची कालची गाठ तशीच होती. "आधी मी पेतो. थोडा वेळ बसतो. मंग देवाले, मंग तुमाले."

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाशी सासूबाईंचा नियम आला होता. मी गडू घेतला आणि मथुराबाईंच्या हातात दिला.

त्यांनी प्यायलं. मग पायरीवर बसल्या, हात मांडीवर पालथे. गाडीवाले उन्हात उभे राहिले, पत्ते खेळणारा म्हाताराही. श्रावण त्यांच्या तोंडाकडे बघत होता, शेवटचा घोट उतरेपर्यंत आणि त्याच्यानंतरही.

"काय पाह्यतो रे असा?" मथुराबाई म्हणाल्या.

"काही नाही आजी. तहान लागली, म्हणून."

मथुराबाई पुढे बरीच वर्षं जगल्या आणि रांजण भरत राहिल्या. तंबाखू त्यांनी परत तोंडात घातला नाही. भ्यायच्या मात्र शेवटपर्यंत. आमच्या देवळात अजूनही पाणी उष्टं करूनच देवाला दाखवतात. नव्यानं आलेल्या सुना विचारतात, हे असं काहून? मग मी त्यांना सहाणेपाशी बसवते आणि निवळीची एक बी दोन्ही बाजूंनी चाचपायला देते.